लेकीच्या घरचं पाणी

माझी आई माझ्या घरचं पाणी पीत नव्हती. भांडण नव्हतं, रुसवाही नव्हता. आमच्या विंझरकडे रीतच आहे, की लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बहुतेकींच्या बाबतीत हे प्रकरण वर्ष-दोन वर्षांत निकालात निघतं. बाळंतीण पोर घेऊन सासरी निघाली की आईबाप तिला पोचवायला जातात, पोटभर जेवतात आणि वर पान खाऊन परत येतात. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती.

तेवढ्या वर्षांत आई-आबा मुंबईला माझ्याकडे दोनदा आले. दोन्ही वेळा फडक्यात भाकरी आणि फिरकीच्या तांब्यात पाणी. आई आत यायची, मांडणीवरची माझी भांडी बघायची, "झाक लावलीस गं" म्हणायची आणि माझ्याच चटईवर बसून तिच्याच भाकरीचा तुकडा मोडायची. मी समोर स्टोव्हपाशी हात बांधून बसायचं. एकदा रागारागाने चहा टाकला. आबांनी त्या कपाकडे असं पाहिलं, की मलाच त्यांची दया आली. शेवटी तो चहा मीच ढोसला.

मी त्यांची एकुलती एक. माझ्याआधी दोन भाऊ झाले होते, ते पाळण्यातच गेले.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सरळ सांगून टाकलं, की तुला मूल होणार नाही. माझे यजमान कुंडलिक शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. मी त्यांना चारचौघींसारखं 'हे'च म्हणते. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चल, बस चुकंल." एवढंच. घरी येईपर्यंत दुसरा शब्द नाही, त्यानंतरही नाही.

ह्यांचं गाव किकवी. आईबाप लहानपणीच गेले, चुलतीने वाढवलं. ही चुलती, पारूबाई, आम्ही गावी गेलो की एखाद्या मुलीचं नाव काढायचीच. "दुसरी करायला कुनाची ना हाय?" असं माझ्यादेखत म्हणायची. आणि हे हसायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत, नुसते हसायचे. त्या हसण्याने मी रात्ररात्र जागी असायचे.

हे समुद्राला लागून असलेल्या एका बड्या हॉटेलात भटारखान्यात होते. कांदे सोलण्यापासून सुरुवात करून मोठे कूक झाले होते. हॉटेलच्या मागच्या चाळीत आमची एक खोली. पावसाळ्यात हॉटेल ओस पडायचं. त्या वर्षी हॉटेलच्या शेठच्या मनात आलं आणि त्यांनी जुन्या नोकरांना सांगितलं, की आपल्या आईवडिलांना आणा, दोन दिवस समुद्राकडच्या खोलीत ठेवा, खाणंपिणं हॉटेलचं. ह्यांना आईवडील नव्हते. मग सासू-सासरे आणले तर चालेल का, असं ह्यांनी विचारलं. शेठ चालेल म्हणाले.

हे ऐकलं मात्र, माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. हॉटेल शेठचं, खोली शेठची, ताट शेठचं. ते काही लेकीचं घर नव्हे! तिथं आई जेवायला बसली की वाढायला मी असणार. एकदा माझ्या हातचा घास तिच्या पोटात गेला, की माझ्या खोलीतला चहा कितीसा लांब? मुख्य म्हणजे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आईला सांगावंच लागणार नाही. ते सांगितलं असतं तर पुढचं सरळ होतं. मूल नाही, म्हणजे आई मरेपर्यंत माझ्या घरी पाणी पिणार नाही. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

मी स्वतः एसटीने विंझरला गेले. लावणी उरकली होती, भांगलणीला अजून वेळ होता. आई गोठ्यात शेण भरत होती. तिने हात न थांबवता उलटतपासणी घेतली.

"हाटेल कुनाचं?"

"शेटचं."

"पैसं कोन देनार?"

"शेटच. आपल्याला काय बी पडत न्हाई."

"आन् पाव्हणं?"

"ते नुसतं नोकरीला हायेत तितं."

आई विचारात पडली. तेवढ्यात आबा ओसरीवरून ओरडले, "म्हस गेनबा बगंल! म्या सांगून आलो त्याला." ते कधी सांगून आले, देव जाणे. मी येऊन अजून माझा घाम वाळला नव्हता.

तर अशी ती दोघं बड्या हॉटेलात राहायला आली. दरवानाने आबांना सलाम ठोकला. आबांनी त्याला उलट सलाम केला आणि पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या, कारण पुढची फरशी त्यांना देवळातल्यासारखी वाटली. आईने तसलं काही केलं नाही. काखेतलं गाठोडं घट्ट धरून ती लिफ्टमध्ये उभी राहिली. त्या गाठोड्यात काय आहे ते मला विचारावं लागलं नाही. तिचा माझ्या शेठवर पुरता भरवसा बसला नव्हता तर.

खोलीतला पलंग इतका मऊ, की आबा बसले आणि लगेच उठले. "ह्यात मानूस बुडंल," म्हणाले. आई काचेच्या दाराशी गेली. खाली समुद्र होता, गढूळ, चवताळलेला. लाटा कठड्यावर आपटत होत्या आणि पाण्याचे शिंतोडे काचेपर्यंत येत होते. आईने जन्मात मोठं पाणी पाहिलं होतं ते भाटघरच्या धरणाचं.

"ह्याला काय दम न्हाई का गं?" ती म्हणाली. "भाटघरचं पानी कसं गुमान बसतं. ह्यो आपला सारका उटतोय आन् पडतोय."

"समुद्र असाच असतो, आई."

"आन् लोक पैसं मोजून ह्ये बगायला येत्यात?"

तिने पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला. परत ओढला. बसायची, उठायची, गाठोडं या खुर्चीवरून त्या खुर्चीवर ठेवायची. शेतात दिवसभर वाकून काम करणारी बाई, तिला तिथं हातांचं काय करावं तेच कळत नव्हतं. मी तरी काय वेगळं करत होते? खोलीतून भटारखान्यात, भटारखान्यातून खोलीत. ह्यांना दहादा बजावलं, "तुमी वर येऊ नगा. वेटर आनंल, मी वाडीन. आन् सैपाक कुनी केला ते बोलायचं न्हाई." ह्यांनी मान हलवली. ह्यांचं मान हलवणं आणि ह्यांचं हसणं, दोन्हींचा अर्थ मला आठ वर्षांत लागला नव्हता.

दुपारी दार वाजलं. जेवणाची ढकलगाडी आत आली आणि ती ढकलत खुद्द हे! अंगात इस्त्रीचा पांढरा कोट, डोक्यावर ती उंच टोपी. एकेक झाकण काढलं तशी खोली वासाने भरून गेली. कोंबडी, पुलाव, पांढऱ्या रश्शातला मासा, गाजराची कापलेली फुलं. आबा बघतच राहिले. मी पटापट ताटं मांडली, आईच्या ताटात माझ्या हाताने पुलाव वाढला. आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिने ताटाला बोटं लावून कपाळाला लावली, घास केला, उचलला.

"मामी," हे म्हणाले, "पोटभर जेवा. समदं माज्या हातचं हाय. दुसऱ्या कुनाला मीठसुदीक टाकू दिलं न्हाई."

आईने घास ताटात परत ठेवला.

"आई, हाटेल शेटचं हाय," मी म्हणाले.

"असंल. रांदलं कुनी?"

"पगार घिऊन रांदलंय त्यांनी!"

"पगार घेतला म्हनून हात बदलतो व्हय? जावयाच्या हातचं ते लेकीच्या घरचं."

"अगं, पर तांदूळ आपला हाय की," आबा मध्ये पडले. "आपला आंबेमोहर. रतननं मागल्या खेपंला न्हेला तोच शिजवलाय. वास बग. म्हंजी आपन आपलंच खातोय."

"आन् चूल कुनाची?"

आबांना चुलीचा मालक सापडेना. आईने गाठोडं सोडलं. आबांनी कोंबडीच्या तंगडीकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि निमूट भाकरी मोडली.

बाहेर व्हरांड्यात मी ह्यांना धारेवर धरलं. "जीभ आवरली न्हाई तुमची?" हे टोपी हातात घेऊन उभे. "मला वाटलं, मामींना बरं वाटंल," म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, हे दिसत होतं, आणि त्यामुळे माझा संताप आणखीच वाढला.

संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा आबा पाय मोकळे करायला म्हणून वाळूवर गेले. आले ते मिशीला तेल लावून. भजी हाणली होती. आई काही बोलली नाही; भजीवाल्याशी तिचं कसलं नातं? येताना त्यांनी आईला शहाळं आणलं होतं. ते ती सगळं प्यायली, वरून आतली मलई खरवडून खाल्ली. आणि मला त्या शहाळेवाल्याचा हेवा वाटला. कोण कुठला परका माणूस, त्याच्या हातचं तिला चालत होतं! आईचं पोट भरावं एवढंच मला हवं असतं, तर वाळूवर ढीगभर गाड्या होत्या. मला तिच्या तोंडात माझा घास जायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर दोघं पलंग सोडून खाली चादरीवर बसलेली. रात्रही तिथंच काढली होती. समुद्राच्या दमट हवेने भाकरीला वास यायला लागला होता. तांब्यात तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. संध्याकाळच्या गाडीने ती परत निघणार होती.

मग मी सगळी सोंगं सोडून दिली. चाळीतल्या माझ्या खोलीवर गेले, स्टोव्ह पेटवला, भात टाकला, पिठलं केलं. आईला आवडतं तसं, लसणीवर. डबा पदराखाली धरून पावसातून आले आणि तो आईच्या पुढ्यात ठेवला.

"ह्ये माज्या घरचं हाय. हाटेल न्हाई, शेट न्हाई. खातीस का न्हाई?"

"रतन, खुळ्यावानी करू नगस."

"भजीवाला चालतो, शहाळंवाला चालतो. माजाच तेवडा इटाळ?"

आईचा चेहरा एकदम उतरला. मी तिला इतकं लागेल असं कधी बोलले नव्हते.

"इटाळ?" ती म्हणाली. "अगं, तोरन्यावर मेंगाईम्होरं हुबी ऱ्हाऊन बोललीया म्या. नातवंडाचं तोंड बगीन तवाच लेकीच्या घरचं पानी पिईन. आता म्या घोट घेतला आन् तुजी वटी रिकामी ऱ्हायली तर? तुला वाटतं म्या रीत पाळते. रीत गेली चुलीत. म्या तुज्यासाटी तान्हेली बसते, पोरी."

आठ वर्षं मला वाटत होतं की ती माझ्या घरात येऊन रीत सांभाळते. ती तर माझ्यासाठी देवीशी झगडत होती. पण हे ऐकून मी विरघळले नाही. उलट माझ्या अंगाची लाहीलाही झाली, कारण आता कुठलीच पळवाट उरली नव्हती.

"मग जलमभर तान्हेलीच बस!" मी ओरडले. "मला मूल व्हनार न्हाई. डाक्टरीन बोललीया तसं. कवाच व्हनार न्हाई."

आबा काचेच्या दाराशी उभे होते, ते वळले. आई माझ्याकडे बघत राहिली. बाहेर तो समुद्र आपटतच होता.

"पाव्हण्यांला ठावं हाय?" तिने विचारलं.

"शेजारीच बसलं व्हतं."

"मग? काय म्हनलं?"

"म्हनलं, चल, बस चुकंल."

आई उठली. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत फेऱ्या घालायला लागली. मला वाटलं, आता डॉक्टरीणबाईंचं नाव विचारेल, दुसरा डॉक्टर म्हणेल, अंगारा-धुपारा काढेल. तसलं काही नाही.

"किकवीची पारूबाई काय म्हनती?"

"पोरगी बगतीया."

"आन् पाव्हणं?"

"हसत्यात."

"वेल्ह्याच्या सखूबाईचा नवराबी आदी हसायचाच," आबा म्हणाले आणि म्हणून झाल्यावर त्यांनीच जीभ चावली. सखूबाईचं पुढं काय झालं ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं. वर्षभरात सवत आली. सखूबाई गोठ्याशेजारच्या खोपटात राहायला गेली, आणि धाकटीच्या पोरांचे कपडे धुऊ लागली.

आई थांबली. "पाव्हण्यांला बलवून आन."

"भांडू नगस, आई."

"भांडत न्हाई. बलवून आन."

दुपारची वाढणी संपून भटारखाना निवांत झाला होता. हे एका पालथ्या पाटीवर बसून विडी ओढत होते. जिन्यात मी त्यांना सांगितलं, "आईला समदं सांगितलं म्या." हे एका पायरीवर थबकले. मग विडी विझवली, टोपी काढली आणि माझ्यामागून वर आले.

आई जमिनीवर मांडी घालून बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. शेजारी आबा. मध्ये माझा डबा, झाकण लावलेला.

"बसा, पाव्हणं," आई म्हणाली. "तुमची आई कवा गेली?"

"मला काय बी आठवत न्हाई, मामी. लई ल्हान व्हतो."

"माजं दोन ल्योक गेलं. जगलं असतं तर एक तुमच्याच जोडीचा असता. म्या लेकीच्या घरचं पानी पिनार न्हाई. मेंगाईला बोललेलं मोडायचं न्हाई. पर ल्योकाच्या घरचं प्यायला मला कुटली देवी आडवती?"

आबांनी चमकून आईकडे पाहिलं.

"आजपास्नं तुमी माजं ल्योक. त्यो डबा तुमच्या घरचा. वाडा मला. पर एक ध्यानात धरा. तुमी ल्योक झालासा की ही माजी सून झाली. आन् मला सून एकच. दुसरी माज्या ल्योकाच्या उंबऱ्याच्या आत यायची न्हाई, तुमची चुलती सांगू दे न्हाई तर आनि कुनी. पटत असंल तर वाडा. न्हाई तर तांब्यात घोटभर पानी हाय, तेवड्यावर म्या विंझरला पोचते. माज्या लेकीला संगं घिऊन."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता हसतील. हसले असते तर मी त्याच पावली आईबरोबर निघाले असते, हे मला तेव्हा लख्ख कळलं. ह्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि मोरीकडे गेले. आतून नळाचा आवाज आला.

हे ओले हात घेऊन बाहेर आले. तसेच, पांढऱ्या कोटासकट, गालिच्यावर मांडी घालून बसले. डब्याचं झाकण काढलं. एका वेळी दोनशे माणसांचं जेवण लावणारा माणूस, पण भात वाढताना शितं गालिच्यावर सांडली. पिठलं वाढलं. हॉटेलच्या काचेच्या जगमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी आईपुढं धरलं.

"घ्या, आई," हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, खाली मान घालून म्हणाले, "त्या दिशी मला काय बोलावं ते सुचलंच न्हाई. काकीम्होरंबी सुचत न्हाई म्हनून हसतो. दुसरी करायचं माज्या मनात कवाच नव्हतं."

आईने पेला घेतला. एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला, तोही प्यायली. मग भातात पिठलं कालवलं आणि जेवायला लागली. आबांनी तोवर धीर धरला नव्हता. त्यांचा दुसरा घास चालू होता.

"सुनंच्या हाताला चव हाय," आई ह्यांना म्हणाली.

मला हसू फुटलं. ह्यांच्या त्या बोलण्याने माझ्या उरावरचा धोंडा उतरला होता, खोटं कशाला सांगू? पण आठ वर्षं ज्या घासाची वाट पाहिली, तो तिने सुनेच्या हातचा म्हणून खाल्ला होता. मी तिच्या शेजारी बसून होते आणि तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"आन् तुजी लेक कुटं गेली गं?" मी विचारलं.

आईने ताट पुसून स्वच्छ केलं. चहाची वेळ झाली म्हणून हे खाली गेले. आबा भिंतीला टेकून पेंगायला लागले. आई हात धुवायला मोरीत गेली, तिने दाराला कडी घातली आणि नळ सोडला.

बराच वेळ झाला. नळ चालूच होता. मी दाराला कान लावला तेव्हा पाण्याच्या आवाजाखालचा दुसरा आवाज मला ऐकू आला. नातवंडासाठी जे रडायचं होतं ते तिने आमच्यासमोर रडून घेतलं नव्हतं. ते ती तिथं एकटी रडत होती.

"आई," मी दार वाजवलं. "आई, उगड."

कडी निघाली. तिने मला हाताला धरून आत ओढलं आणि परत कडी घातली. ओल्या हातांनी माझं तोंड धरलं, माझ्या केसांवरून, पाठीवरून, पोटावरून हात फिरवला. "ही काय माजी लेक," म्हणत राहिली, "ही काय माजी लेक." इस्पितळातून आल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. त्या मोरीत आईच्या गळ्यात पडून रडले.

जागे झालेल्या आबांनी बाहेरून दोनदा दार वाजवलं. आम्ही उघडलं नाही.